एका बाजूने दबलेली बशी

कुणाच्या घरी चहाला गेले की मी आधी बशी उलटी करून बघते. खाली कुणाचा शिक्का आहे, कड कशी उतरली आहे, बुडाची रिंग घासली आहे की तशीच खरखरीत सोडली आहे, हे बघितल्याशिवाय मला घोट घेता येत नाही. घरच्या बाईला वाटतं, ही खरकटं शोधतेय. भावासाठी मुलगी बघायला गेलो होतो तेव्हाही मी हेच केलं आणि मुलीच्या मावशीने तिथल्या तिथे सांगून टाकलं, की ही नणंद जड जाणार. तो समज मोडायला मला दहा वर्षं लागली. भावाची बायको आता मुंबईहून आठवड्याला फोन करते, पण मी तिच्याकडे गेले की कपबशी अजूनही माझ्या हातात देत नाही, समोर ठेवते.

एकतीस वर्षं मी साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात बोन चायनाच्या कपबश्या, ताटल्या आणि वाट्यांचे आकार ठरवले. कारखान्याचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात कारखान्यापेक्षा माझी चूक मोठी आहे. 'म्हणजे तुम्ही कपावर फुलं काढता?' असं लोक विचारतात. नाही. फुलांचा छापील कागद वेगळा येतो आणि तो चिकटवणारे हातही वेगळे. माझं काम त्याच्या आधीचं. कान किती जाड, कड किती पातळ, किटलीच्या तोंडातून शेवटचा थेंब कपात पडतो की खाली ओघळतो, हे माझं खातं. ते नीट जमलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि चुकलं तर रोज सकाळी कुणीतरी टेबल पुसत माझा उद्धार करतं.

दुसरा प्रश्न हाडांचा. हो, यात हाडांची राख असते, आणि थोडीथोडकी नाही, जवळजवळ निम्मी. तिच्यामुळेच हे भांडं पातळ असून दणकट होतं आणि उजेडात धरलं तर पलीकडची बोटं दिसतात. विचारणाऱ्याला मी कधी खोटं सांगितलं नाही. आम्ही माण तालुक्यातली, दहिवडीच्या पलीकडची माणसं. आजोबांपर्यंत मेंढरांमागे हिंडलेली. आईला पहिला कप नेऊन दिला तेव्हा तिनेही विचारलं, "कुनाची हाडं?" मी म्हटलं, गुराढोरांची. ती म्हणाली, "लय राबली असतील बिचारी." मग तिने दोन्ही हातांनी कप धरून चहा प्यायला. पुढे ती माझ्याकडेच राहिली आणि माझ्याकडेच गेली. तेव्हापासून माझ्या घरात चहा एकटीपुरता होतो. कपाटात तीसेक कप आहेत, सगळे नमुन्याचे. नमुना एकच बनतो, म्हणून माझ्याकडे कुठल्याही दोन कपांची जोडी नाही. पाहुणे आले तर प्रत्येकाला वेगळा कप मिळतो. हल्ली पाहुणे येत नाहीत, त्यामुळे ती अडचण उरलेली नाही.

गिऱ्हाइकं मात्र एकेक भेटली. कारखान्याच्या फाटकाशी आमचं एक छोटं दुकान होतं. तिथून कुंडलच्या एका गृहस्थांनी लेकीच्या रुखवतात मांडायला मोठा डिनर सेट नेला. आपल्याकडे भांडं दिलं की त्यावर नाव घातलं पाहिजे, त्याशिवाय ते दिल्यासारखं वाटत नाही. ते थेट भांड्यांच्या दुकानात गेले आणि स्टीलवर टिंब टिंब करत नाव कोरायच्या मशीनखाली पहिली ताटली धरली. तिचे तीन तुकडे झाले. ताटलीत दोष असेल म्हणून दुसरी धरली. अशा चार फुटल्यावर पाचवी घेऊन ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "हिच्यावर तेवढं तुमीच घाला." मी नावाचा कागद छापून घेतला, तो चिकटवून ताटल्या पुन्हा भाजल्या आणि 'आई-वडिलांकडून सप्रेम भेट' असं सोनेरी अक्षरात देऊन टाकलं. सांगलीचे एक हॉटेलवाले तर माझ्या सगळ्यात नाजूक, बिनकाठाच्या सपाट ताटलीवर पळीभर रस्सा ओतून मला म्हणाले, "आता ह्यो थांबवून दाखवा." तो थांबला नाही. त्या ताटलीला परदेशात बरं नाव मिळालं होतं, पण तो ओघळ पुसताना मला ते सांगायचं धाडस झालं नाही.

आता बशीकडे येते.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी एक बशी काढली. बशीला मधोमध कप बसायला गोल खळगा असतो आणि बाकी भाग पसरट. मुख्य कार्यालयाला ती आणखी पसरट हवी होती. त्यांच्या लेखी बशी कपाखाली ठेवायची. मी वाढले त्या घरांमध्ये बशीतून चहा पितात. शिवाय एका चहात दोघं भागवायची आमच्याकडे रीतच. एकाला बशी, दुसऱ्याला कप. म्हणून मी खळगा काढून टाकला, बशी खोल केली आणि कड थोडी वर उचलली. कागदावर ती फार देखणी दिसत होती.

भट्टीत तिने मान टाकली. बोन चायना पहिल्या भाजणीत जवळजवळ आठवा हिस्सा आकसतं आणि ऐन तापात मऊ पडतं. त्या वेळी त्याला खालून अचूक आकाराचा आधार लागतो, नाहीतर जिथे आधार नाही तिथे ते बसतं. माझ्या बश्या नेहमीच्या बशीच्या आधारांवर चढवल्या गेल्या. नवे आधार बनवून घ्यायला हवेत हे मला कळत नव्हतं आणि विचारायला मी गेले नाही, कारण तिसऱ्याच वर्षी मला सगळं येत होतं. अख्खा घाणा एका बाजूने दबून बाहेर आला. कडेला बोटभर रुंदीचा एक उतार. मुख्य कार्यालयाने आकार रद्द केला. दबलेला माल फाटकाच्या दुकानात दुसऱ्या प्रतीचा म्हणून गेला आणि माझ्या कानावर त्याविषयी पुढे काही आलं नाही.

त्या दिवसापासून वाकडेपणाशी माझं वैर जुळलं. पुढे अधिकार आल्यावर मी नियम केला, की निवडीच्या टेबलावर वाकडा तुकडा हातात आला तर बाजूला ठेवायचा नाही, तिथल्या तिथे पिंपात फोडायचा. बशीवरही माझा राग राहिला असावा. लोक मग घेतात, बशी फडताळात पडून राहते, तेव्हा चहाच्या सेटमधून ती काढून टाकावी, अशी टिपणी सात-आठ वर्षांमागे मीच लिहिली. ती मंजूर झाली. बशीचे साचे फोडताना साचे करणारे दस्तगीरभाई माझ्याशी दिवसभर बोलले नाहीत.

माझ्या निवृत्तीला पाचेक महिने उरले होते. एका सकाळी फाटकावरून फोन आला, की कुणी म्हातारे गृहस्थ बशी घेऊन आलेत आणि जायला तयार नाहीत. मी गेले तर ते ताठ उभे, पांढरा सदरा, मिशा नीट कातरलेल्या. कडेगावचे निवृत्त सुभेदार. कराडला गाडी बदलून आले होते. त्यांनी हातातला टॉवेल उलगडला. आत बशीचे पाच तुकडे होते. एक उलटा केला आणि मी ओळखलं.

"मॅडम, अशी एक पायजे," ते म्हणाले. "सुट्टीवर आल्तो तवा हितनंच सहा कपबश्या नेल्या हुत्या. पाच बश्या पोरांनी फोडल्या. ही सहावी माज्या हातनं गेली, धुताना."

मी सांगितलं, हा आकार कधीच बंद झाला. एकच बशी काही कारखाना बनवत नाही. आत चला, दुसऱ्या दाखवते. खरं तर दाखवायला बश्याच नव्हत्या.

"दुसरी चालत न्हाई तिला," ते म्हणाले, आणि मग फाटकाच्या बाकावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. अनुसयाबाई, त्यांची बायको, दोन वर्षांपासून विसरत चालल्या होत्या. आधी नावं गेली, मग पुण्याला असलेले मुलगे गेले. नवरा घरात दिसला की परका माणूस शिरला म्हणून आतल्या खोलीत जाऊन कडी लावायच्या. मात्र सकाळचा चहा अजून शिल्लक होता. पलटणीतून कायमचे घरी आल्यापासून दोघं एक चहा वाटून घेत. बशी तिची, कप त्यांचा. बशीत ओतून घेताना तिला ओळख पटायची. तेवढ्यात दोन शब्द बोलायची, गोळी घ्यायची, जेवेन म्हणायची.

"बशी फुटली आन ते बी गेलं. तीन आठवडं झालं, वाटी दिली, स्टीलची बशी दिली, ढकलून देती. मला बघून आत जाती. माज्या हातनं फुटली, मॅडम."

शेवटचं वाक्य ते दोनदा म्हणाले. मी तुकडे ठेवून घेतले.

दस्तगीरभाईंनी ते टेपने जोडून माझ्या टेबलावर ठेवले. जोडलेली बशी बघितली आणि मला माझी ती पहिली फजिती पुन्हा दिसली. इथे मी चुकले, आणि आज लिहितानाही त्याची लाज वाटते. मी ती बशी दुरुस्त केली. मोजमापं घेतली, आकसण्याचा हिशेब धरून मोठी केली, कड मात्र चारी बाजूंनी सारखी काढली. या वेळी आधारही मुद्दाम बनवून घेतला. बशी बाहेर आली ती निर्दोष. मी ती टेबलावर फिरवली, तेव्हा कुठेही डगमगली नाही. इतक्या वर्षांनी माझी बशी सरळ झाली, या आनंदात मी ती कुणासाठी करतेय हेच विसरले. सुभेदार येऊन घेऊन गेले. जाताना त्यांनी मला उभ्याने नमस्कार केला.

आठव्या दिवशी ते परत आले. बशी टॉवेलात होती, धड.

"घेतली नाही त्यांनी?" मी विचारलं.

"घेती. च्या वततीबी. मग बशी हातात फिरवती. नुसती फिरवत ऱ्हाती. कायतरी हुडकती आन ते गावत न्हाई. च्या निवतो, मग ठेवून देती."

मी टेबलावरची जोडलेली बशी उचलली आणि न बघता तशीच फिरवली. अंगठा कडेवरून गेला आणि दबलेल्या जागी अडकला. तिथे ओठ लावायचा. चहा ओघळायचा नाही, तिथूनच यायचा. अनुसयाबाई तीसेक वर्षं माझी चूक बोटाने शोधून त्यातून चहा पीत होत्या, आणि मी ती घासून काढली होती.

दस्तगीरभाईंना सांगितलं, तसे ते हसले. "मॅडम, जल्मभर आपन वाकडं फोडलं. आता नोकरी सपता सपता वाकडं बनवायचं व्हय?"

वाकडं बनवणं सरळ बनवण्याहून अवघड निघालं. आधार एका बाजूने कापून बशी चढवली, तर पहिली पार वाटीसारखी मिटली. दुसरीला तडा गेला. तिसऱ्या खेपेला दस्तगीरभाईंनी आधार थोडाथोडा घासून घेतला. मगांच्या घाण्यात एका कोपऱ्यात ती भाजायला ठेवली आणि मी एका बैठकीला गेले. बैठक संपवून निवडीच्या टेबलाशी आले, तर शैलाताई म्हणाल्या, "मॅडम, मगात एक बशी कुटनं आली काय की. वाकडी हुती, फोडली." त्यांनी पिंपाकडे बोट केलं. त्या वीस वर्षं त्या टेबलावर होत्या आणि माझा नियम त्यांनी एकदाही मोडला नव्हता. मी पिंपात वाकून तुकडे बघितले. दाब बरोबर जागी पडला होता.

चौथीच्या वेळी मी भट्टीच्या तोंडाशी स्टूल टाकून बसले. दुसऱ्या भाजणीला झिलई चढवली तेव्हाही बसले. एका बशीसाठी मुख्य आकारकार बाई दोन दिवस स्टुलावर बसलेल्या बघून लोक येता-जाता हसत होते. मला त्याचं काही वाटलं नाही. तुकडा नीट होईल की नाही याची एवढी धास्ती मला पूर्वी कधी वाटली नव्हती, कारण पूर्वी कधी तो कुणाच्या हातात जाणार हे माहीत नसायचं.

ही बशी मी स्वतः घेऊन गेले. कडेगावच्या बाहेर दोन्ही बाजूंनी ऊस आणि मधे सुभेदारांचं पत्र्याच्या पडवीचं घर. घर पलटणीसारखं टापटीप, पण सगळं एकाच माणसाने आवरलेलं आहे हे कळत होतं. अनुसयाबाई पडवीत सतरंजीवर बसल्या होत्या. लहानखुऱ्या, डोक्यावर पदर नीट. आम्हा दोघांकडे त्यांनी सारख्याच नजरेने पाहिलं. सुभेदारांनी स्वतः चहा केला. मी पाहुणी, म्हणून मला स्टीलच्या पेल्यात काठोकाठ दिला. एक कप नव्या बशीत ठेवून अनुसयाबाईंसमोर सरकवला आणि ते जरा लांब, खांबाला टेकून बसले.

तिने कप उचलून अर्धा चहा बशीत ओतला. हाताला सगळं माहीत होतं. बशी उचलली आणि फिरवायला लागली. एकदा, मग पुन्हा. मी सुभेदारांकडे बघायचं टाळलं. मग तिचा अंगठा थांबला. तिने बशी वळवून ओठांना लावली आणि आवाज करत, मजेत, तळापर्यंत चहा प्यायला.

बशी खाली ठेवून तिने कपातला उरलेला अर्धा चहा सुभेदारांकडे सरकवला. ते पुढे आले.

"घ्या पाव्हणं," ती म्हणाली. "निवंल."

सुभेदारांनी कप दोन्ही हातांत धरला. "घेतो की," ते म्हणाले, आणि तिच्या शेजारी सतरंजीवर बसले. ती उठून आत गेली नाही. थोड्या वेळाने ते माझ्याकडे न बघता हळू म्हणाले, "पाव्हणा तर पाव्हणा. दोन म्हयन्यानं शेजारी बसाया मिळालं." मला वाईट वाटत होतं आणि त्याच वेळी त्या माणसाचा हेवाही वाटत होता. अर्ध्या कपावर हक्क सांगणारं माझ्या आयुष्यात आई गेल्यापासून कुणी राहिलेलं नाही, आणि हे मी इतकं स्वच्छ कधी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

अनुसयाबाईंची नजर माझ्या पेल्याकडे गेली. तो अजून भरलेलाच होता. त्यांनी पेल्याकडे बघितलं, मग माझ्या आजूबाजूला बघितलं, आणि शेजारच्या पाहुण्याला विचारलं, "ही आख्खा च्या एकलीच पिती व्हय?"

"न्हाई," सुभेदार म्हणाले. "तिच्या वाट्याचं मानूस वाटंत हाय. येतंय."

अनुसयाबाईंचं समाधान झालं. त्यांनी मान हलवली आणि रिकामी बशी माझ्यापुढे सरकवली, अर्धा ओतून ठेवायला. मी ओतला.